दात काढला, आता तिथे हाड भरायचं? बोन ग्राफ्टमधलं कोलॅजन नेमकं काय करतं, समजून घ्या

समजा, सोनपेठ किंवा जिंतूरकडचं कुणीतरी दाढ दुखते म्हणून परभणीला दवाखान्यात आलं आहे. दाढ वाचवण्यासारखी राहिलेली नाही. डॉक्टर एक्स-रे समोर धरून सांगतात, "दाढ काढावी लागेल. पुढे इम्प्लांट बसवायचा असेल तर आत्ताच बोन ग्राफ्ट टाकून ठेवू. वरून कोलॅजनचा पडदा लावू."

खुर्चीवरच्या माणसाच्या डोक्यात एकदम चार प्रश्न येतात. हाड भरायचं म्हणजे कुणाचं हाड? कोलॅजन म्हणजे तेच का, जे मोबाइलवर चेहऱ्याच्या सुरकुत्यांसाठी विकतात? हे न करता चालणार नाही का? आणि एवढा खर्च कशासाठी?

यातला एकही प्रश्न वेडगळ नाही. पण बहुतेक वेळा तोंडात कापूस असतो, बाहेर रांग असते आणि प्रश्न तसेच राहतात. म्हणून खुर्चीवर बसण्याआधीच ही गोष्ट समजून घेतलेली बरी.

दात गेला की हाड का झिजतं?

दात जबड्याच्या हाडात एका खोबणीत बसलेला असतो. दात आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा एक थर असतो. आपण घास चावतो तेव्हा त्याचा दाब या तंतूंमधून हाडाला मिळतो. खोबणीच्या आतल्या बाजूचं पातळ हाड तर दातासाठीच असतं. दात निघाला की त्या हाडाला काम उरत नाही, आणि काम नसलेलं हाड शरीर ठेवत नाही.

ही झीज मनात धरतो त्यापेक्षा वेगवान असते. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २००३ साली दाढा आणि उपदाढा काढलेल्या ४६ रुग्णांच्या जबड्यांची मोजमापं प्रसिद्ध केली. एका वर्षात त्या जागी जबड्याच्या कडेची रुंदी सरासरी निम्म्याने कमी झाली होती. त्यातली साधारण दोन तृतीयांश घट पहिल्या ३ महिन्यांतच झाली होती.

झीज गालाच्या आणि ओठांच्या बाजूने जास्त होते, कारण तिकडची भिंत मुळातच पातळ असते. समोरचा दात काढून वर्ष झालेल्या माणसाची हिरडी त्या जागी आत दबलेली दिसते, ती याचमुळे.

ब्रिज किंवा काढता-घालता येणारा दात बसवायचा असेल तर थोडी झीज चालून जाते. इम्प्लांटचं तसं नाही. इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा स्क्रू, आणि तो चारही बाजूंनी हाडात रुतावा लागतो. कडेला पुरेसं हाडच नसेल तर स्क्रू रोवायचा कशात?

हाड म्हणजे फक्त कॅल्शियम नव्हे

हाड म्हटलं की आपल्याला कॅल्शियम आठवतं. ते निम्मं खरं आहे. वजनाच्या हिशोबाने हाडात साधारण ६५ टक्के खनिज, २५ टक्के सेंद्रिय भाग आणि उरलेलं पाणी असतं. या सेंद्रिय भागातला सुमारे ९० टक्के वाटा एकाच प्रथिनाचा असतो. ते प्रथिन म्हणजे कोलॅजन.

घरी एक प्रयोग करून बघता येतो. कोंबडीच्या तंगडीचं स्वच्छ केलेलं हाड व्हिनेगरमध्ये आठवडाभर बुडवून ठेवा आणि मधे एकदा व्हिनेगर बदला. आम्लामुळे खनिज विरघळतं आणि हाड रबरासारखं वाकायला लागतं. आकार तोच राहतो, ताठपणा मात्र गेलेला असतो. मागे उरलेलं ते लवचिक हाड म्हणजे मुख्यतः कोलॅजन. उलट, हाड जाळलं तर कोलॅजन जळून जातं आणि खनिज उरतं. ते पांढरं दिसतं, पण बोटाने दाबलं तरी चुरा होतो.

स्लॅबमध्ये लोखंडी गज आणि काँक्रीट असतं, तसंच हे आहे. कोलॅजन म्हणजे गज आणि खनिज म्हणजे काँक्रीट. दोन्ही मिळून हाड होतं.

मटणाच्या पायांचा रस्सा थंड झाल्यावर थिजतो, त्यामागेही हेच प्रथिन आहे. शिजताना कोलॅजनची वीण सुटते आणि त्याचं जिलेटिन होतं.

ही वीण कशी असते, हे शोधण्यात भारतीय शास्त्रज्ञांचा मोठा वाटा आहे. मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी १९५४-५५ मध्ये कोलॅजनची तिपेडी रचना मांडली. कांगारूच्या शेपटीतल्या स्नायुबंधावर क्ष-किरण टाकून मिळालेल्या चित्रांचा त्यांनी आधार घेतला होता. वेणीसारख्या तीन साखळ्या एकमेकींभोवती वळलेल्या असतात आणि प्रत्येक साखळीत दर तिसऱ्या जागी ग्लायसिन हे सगळ्यांत लहान अमिनो आम्ल असतं. ते लहान असतं म्हणूनच तिन्ही पेड एकमेकांना चिकटून घट्ट बसू शकतात. दोरखंडाला बळ येतं ते पिळामुळे. कोलॅजनचंही तसंच आहे.

बोन ग्राफ्ट म्हणजे काय?

ग्राफ्टला मराठीत कलम म्हणतात. पण आंब्याचं कलम आणि हाडाचं कलम यांत एक फरक आहे. आंब्याची लावलेली फांदी जिवंत राहते आणि वाढते. दातांच्या दवाखान्यात पाकिटातून काढून भरलेली सामग्री मात्र जिवंत नसते. ती स्वतः हाड होत नाही. तुमच्या शरीराने तिथे हाड बांधावं, यासाठी ती जागा धरून ठेवते.

त्यासाठी जवळचं उदाहरण मांडवाचं. दोडक्याचा वेल मांडवाशिवायही वाढतो, पण जमिनीवर पसरतो आणि कुजतो. मांडव घातला की त्याला चढायला वाट मिळते. मांडवाला स्वतःला दोडके लागत नाहीत.

डॉक्टर ग्राफ्टची तीन कामं सांगतात.

• आधार देणं. नव्या हाडाच्या पेशींना चढायला मांडव पुरवणं. बहुतेक सगळे ग्राफ्ट एवढं काम करतात.

• निरोप देणं. आजूबाजूच्या कच्च्या पेशींना "हाड बनवणाऱ्या पेशी व्हा" असा रासायनिक संदेश देणं. हे काम काहीच ग्राफ्टना जमतं.

• पेशी पुरवणं. हाड बनवणाऱ्या जिवंत पेशी सोबत आणणं. हे प्रामुख्याने रुग्णाच्या स्वतःच्या हाडाला जमतं. ते हनुवटीतून, अक्कलदाढेच्या मागून किंवा कधी कमरेच्या हाडातून घेतात. पण त्यासाठी शरीरावर आणखी एक जखम करावी लागते.

मग कोलॅजनचं काम काय?

कोलॅजन दंतवैद्यकात तीन रूपांत येतं. खोबणीत भरायचा मऊ बोळा किंवा स्पंज, वरून झाकायचा पातळ पडदा, आणि खनिजाच्या दाण्यांना बांधून ठेवणारा चिकट आधार. कामं मात्र चार-पाच आहेत.

१. रक्ताची गुठळी धरून ठेवणं. दात काढल्यावर खोबणीत रक्त भरतं आणि गोठतं. ही गुठळी म्हणजे भरून येण्याची पहिली पायरी. ती निघून गेली तर खोबण कोरडी पडते आणि भयंकर दुखते. रक्तातल्या बिंबिका कोलॅजनला लागताच चिकटतात आणि गुठळी घट्ट होते. त्याच वेळी त्या पेशींची वाढ घडवणारे घटकही सोडतात. हे आपल्या शरीरात रोजच घडतं. भाजी चिरताना बोट कापलं की रक्त थांबतं, तेही आतलं कोलॅजन उघडं पडल्यामुळे. खोबणीत ठेवलेला बोळा तीच युक्ती वापरतो.

२. पेशींना पकड देणं. कोलॅजनच्या साखळीवर ठरावीक जागी असे खाचे असतात की पेशींच्या पृष्ठभागावरचे हुक त्यांत अडकतात. गुळगुळीत प्लास्टिकवर पेशी घसरतील, कोलॅजनवर त्या पाय रोवतात. पेशींना ते परकं वाटत नाही, कारण आपल्या हाडातली जाळी त्याचीच असते.

३. खनिज बसायला जागा देणं. कोलॅजनचे तंतू एकमेकांना समांतर, पण थोडे पुढे-मागे सरकून रचलेले असतात. त्यांच्यामधल्या बारीक फटींत कॅल्शियम आणि फॉस्फेटचे स्फटिक बसत जातात. मऊ जाळीचं टणक हाड होतं, ते असं.

४. तण रोखणं. हे काम पडद्याचं आहे. हिरडीच्या पेशी वेगाने वाढतात, हाडाच्या पेशी हळू. जागा मोकळी सोडली तर हिरडी आधी घुसते आणि हाडाला जागा उरत नाही. शेतात पिकाआधी तण माजतं, तसंच. म्हणून टरबूज-मिरचीच्या वाफ्यावर मल्चिंग पेपर अंथरतात. कोलॅजनचा पडदा हाडाच्या जागेवर तेच करतो. पडदा लावून ऊती पुन्हा वाढू द्यायची ही कल्पना १९८० च्या दशकात स्वीडनमधल्या संशोधकांनी पुढे नेली. सुरुवातीचे पडदे विरघळत नसत, त्यामुळे ते काढायला दुसरी शस्त्रक्रिया करावी लागे. कोलॅजनच्या पडद्याने तो त्रास वाचवला.

५. काम झालं की निघून जाणं. शरीरातली विकरं कोलॅजन हळूहळू कापतात. त्याची अमिनो आम्लं होतात आणि शरीर ती वापरून टाकतं. साधा बोळा काही आठवड्यांत विरघळतो. पडदा किती टिकेल, हे त्याचे तंतू एकमेकांशी किती पक्के जोडले आहेत यावर ठरतं. काही महिनाभर टिकतात, काही चार ते सहा महिने.

इथे एक मर्यादा सांगायलाच हवी. निव्वळ कोलॅजन मऊ असतं. ओलं झालं की ते दबतं, त्यामुळे जबड्याची रुंदी राखायला एकटं पुरेसं पडत नाही. म्हणून त्याची खनिजाच्या दाण्यांशी जोडी लावतात. काही ठोकळ्यांत ९० टक्के खनिज दाणे आणि १० टक्के कोलॅजन असतं. दाणे जागा धरून ठेवतात, कोलॅजन त्यांना विखुरू देत नाही. "फक्त कोलॅजनचा बोळा" आणि "कोलॅजनसह बोन ग्राफ्ट" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांचा खर्चही वेगळा आणि अपेक्षाही वेगळी.

खोबणीत आठवड्यागणिक काय घडतं?

पहिल्या दिवशी गुठळी होते. पहिल्या आठवड्यात तिच्यात नव्या बारीक रक्तवाहिन्या शिरतात आणि लालसर, नाजूक ऊती तयार होते. रक्तवाहिन्या आल्याशिवाय हाड येत नाही. आधी रस्ता, मग घर.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून पेशी स्वतःचं कोलॅजन विणायला घेतात आणि त्यावर खनिज बसू लागतं. हे पहिलं हाड घाईत बांधलेलं, विस्कळीत असतं. दोन महिन्यांच्या सुमारास खोबणीत बरंचसं असं कच्चं हाड असतं. पुढचे काही महिने शरीर ते मोडून थराथरांचं पक्कं हाड रचत राहतं. म्हणून ग्राफ्टनंतर इम्प्लांटसाठी डॉक्टर बहुधा चार ते सहा महिने थांबायला सांगतात. त्या काळात बाहेरून काहीच दिसत नाही, पण आत काम चालू असतं.

गायी-बैलांच्या हाडापासून केलेले खनिज दाणे फार हळू झिजतात. काही वर्षांनंतरही ते नव्या हाडात रुतलेले आढळतात. त्यात सहसा काळजीचं काही नसतं.

ही सामग्री येते कुठून?

आपल्याकडे हा प्रश्न नाजूक आहे, आणि तो विचारण्याचा हक्क प्रत्येक रुग्णाला आहे.

माणसाचं दान केलेलं हाड. याचं महाराष्ट्रातलं ठळक उदाहरण मुंबईत परळला आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ साली ऊती पेढी सुरू झाली. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या कार्यक्रमाचा तिला आधार होता. रक्तपेढीत रक्त साठवतात, तसं इथे दान मिळालेलं हाड आणि गर्भवेष्टनाचा पातळ पडदा साठवतात. दात्याच्या तपासण्या होतात, हाड धुऊन स्वच्छ केलं जातं, गोठवून त्यातलं पाणी काढलं जातं आणि बंद पाकिटातच गॅमा किरणांनी निर्जंतुक केलं जातं. देशभरातल्या दंत महाविद्यालयांतल्या अनेक अभ्यासांत या पेढीतलं हाड वापरलेलं आहे.

या हाडाचा एक प्रकार वर सांगितलेल्या व्हिनेगरच्या प्रयोगासारखाच तयार होतो. हाडाची पूड आम्लात ठेवून खनिज काढून टाकतात. उरतं ते कोलॅजन आणि त्याच्यात दडलेली काही प्रथिनं. अमेरिकेतले अस्थिशल्यविशारद मार्शल युरिस्ट यांनी १९६५ मध्ये दाखवलं, की असं खनिज काढलेलं हाड प्राण्यांच्या स्नायूत ठेवलं तर तिथेही नवं हाड तयार होतं. स्नायूत हाड! म्हणजे कोलॅजनच्या जाळीत "हाड बनवा" हा निरोप दडलेला असतो, आणि खनिज निघाल्यावर तो मोकळा होतो. या प्रथिनांना पुढे हाड घडवणारी प्रथिनं असं नाव मिळालं. मात्र दात्याचं वय आणि हाडावरची प्रक्रिया यांनुसार या निरोपाची ताकद कमी-जास्त असते.

मानवी ऊतींचं दान आणि पेढ्या भारतात मानवी अवयव व ऊती प्रत्यारोपण कायद्याखाली येतात. मूळ कायदा १९९४ चा आहे. २०११ च्या दुरुस्तीने ऊतीही त्यात आल्या.

जनावरांपासून. गायी-बैलांच्या हाडातलं सगळं सेंद्रिय काढून उरलेले खनिज दाणे जगभर वापरले जातात. कोलॅजनचे पडदे आणि स्पंज गायी-बैलांच्या किंवा डुकराच्या कातडी-स्नायुबंधापासून बनतात. काही ठोकळ्यांत दाणे बैलवर्गाचे आणि कोलॅजन डुकराचं असं मिश्रणही असतं. साखळीच्या ज्या टोकांना शरीराने विरोध करण्याची शक्यता जास्त असते, ती टोकं बऱ्याच उत्पादनांत कापून टाकतात. त्यामुळे अ‍ॅलर्जी क्वचितच होते. तरी पूर्वी कधी मांस किंवा मासे खाऊन त्रास झाला असेल, तर आधी सांगावं.

माशांपासून. माशाच्या कोलॅजनपासून केलेली भारतीय उत्पादनंही दंतवैद्यकात वापरली जातात. गाय आणि डुक्कर दोन्ही नको असणाऱ्यांसाठी हा एक मार्ग आहे.

कृत्रिम. प्रयोगशाळेत बनवलेलं कॅल्शियम फॉस्फेट किंवा जैवसक्रिय काच. यांत कुठलाच प्राणी नसतो. मात्र त्यावर लावायचा पडदा कशाचा आहे, हे वेगळं विचारावं लागतं.

स्वतःच्या रक्तापासून. दंडातून थोडं रक्त घेऊन यंत्रात फिरवतात. त्यातून मऊ, पिवळसर जेलीसारखा थर मिळतो. हे कोलॅजन नव्हे. फायब्रिन नावाचं दुसरं प्रथिन आणि त्यात अडकलेल्या बिंबिका असतात. फ्रान्समध्ये २००१ च्या सुमारास पुढे आलेली ही पद्धत आता लहान शहरांतल्या दवाखान्यांतही दिसते. हिरडी लवकर भरून यायला तिची मदत होते, पण ती मऊ असल्याने मोठा खड्डा एकट्याने धरून ठेवू शकत नाही.

"हे शाकाहारी आहे का?" किंवा "यात डुकराचं काही आहे का?" हे प्रश्न विचारायला संकोच वाटायला नको. पाकिटावर मूळ स्रोत लिहिलेला असतो. आपल्या धर्मात किंवा घरात काय चालतं, हे ठरवणं आपलं काम. पाकिटात काय आहे ते सांगणं डॉक्टरांचं.

प्रत्येक दाढेनंतर ग्राफ्ट हवाच का?

नाही. खोबणीच्या चारही भिंती शाबूत असतील, माणूस निरोगी असेल आणि तिथे इम्प्लांटचा विचार नसेल, तर खोबण आपली आपण भरते. अक्कलदाढ काढल्यावर सहसा ग्राफ्ट लागत नाही. काही वेळा दात काढल्याबरोबर त्याच बैठकीत इम्प्लांट बसवता येतो.

ग्राफ्टचा विचार साधारण अशा वेळी होतो: इम्प्लांट करायचा आहे पण काही महिन्यांनी, समोरचा दात असून बाहेरची भिंत पातळ आहे, पायरियाने दाताभोवतीचं हाड खाल्लं आहे पण दात वाचवण्यासारखा आहे, किंवा वरच्या दाढांच्या जागी सायनसची पोकळी खाली उतरली आहे. पायरियात खड्ड्याला तीन बाजूंनी हाडाच्या भिंती असतील तर ग्राफ्ट चांगला धरतो. भिंती नसतील तर भरलेलं टिकत नाही. बांध नसलेल्या वाफ्यात पाणी थांबत नाही, तसंच.

ग्राफ्ट टाकल्याने झीज पूर्ण थांबते, असंही नाही. ती कमी होते. वेगवेगळ्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२१ च्या परीक्षणात, ग्राफ्ट टाकलेल्या खोबणींत रुंदी आणि उंची सरासरी मिलिमीटरभर जास्त टिकल्याचं दिसलं. पण उपलब्ध पुरावा फारसा भक्कम नाही, असंही त्यात स्पष्ट म्हटलं आहे. कुठली सामग्री सर्वांत सरस, याचाही ठाम निकाल नाही. मिलिमीटरभर म्हणजे ऐकायला काहीच नाही. पण ५ मिलिमीटर रुंदीच्या कडेत ४ मिलिमीटरचा स्क्रू बसवायचा असतो, तेव्हा तोच मिलिमीटर मोलाचा ठरतो.

कोलॅजन पावडर प्यायली तर?

रील्समध्ये दिसणारी कोलॅजन पावडर आणि खोबणीत ठेवायचं कोलॅजन यांत नावापुरतं साम्य आहे. प्यायलेलं कोलॅजन पोटात पचतं. त्याचे अमिनो आम्लांचे तुकडे होतात आणि ते शरीरभर जातात. ते नेमके जबड्याच्या खड्ड्यात जाऊन मांडव उभारत नाहीत. दवाखान्यातला बोळा उपयोगी पडतो, कारण तो अखंड विणलेला असतो आणि नेमक्या जागी ठेवलेला असतो.

शरीर स्वतःचं कोलॅजन रोज विणत असतं. त्यासाठी प्रथिनं आणि जीवनसत्त्व क लागतं. जीवनसत्त्व क नसेल तर तिपेडी वीण पक्की होत नाही. पूर्वी महिनोनमहिने ताज्या फळभाजीविना समुद्रावर राहणाऱ्या खलाशांच्या हिरड्यांतून रक्त येई आणि दात पडत, ते याच कारणाने. डाळ, उसळ, दूध, अंडी, आणि सोबत पेरू, आवळा, लिंबू. दात काढलेल्या माणसाला पावडरच्या डब्यापेक्षा हे स्वस्त आणि खात्रीचं.

चांगला ग्राफ्टही का फसतो?

सामग्री कितीही महागाची असो, हाड बांधायचं ते रुग्णाच्याच शरीराने.

सगळ्यांत मोठा अडथळा तंबाखूचा. २०१६-१७ च्या राष्ट्रीय प्रौढ तंबाखू पाहणीनुसार महाराष्ट्रात २४.४ टक्के प्रौढ चघळायची किंवा इतर बिनधुराची तंबाखू वापरत होते. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरीही. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, आणि रक्त नाही तिथे हाड नाही. शिवाय चुना-तंबाखूची गोळी थेट त्याच हिरडीशी ठेवली जाते. मिसरी लावणाऱ्या बायकांनी हेही डॉक्टरांना सांगायला हवं. तिला तंबाखू म्हणून मोजलंच जात नाही.

दुसरा अडथळा आटोक्यात नसलेली साखर. मधुमेह असला म्हणून ग्राफ्ट होत नाही असं नाही, पण तीन महिन्यांची सरासरी साखर आधी तपासून घ्यावी. तिसरा, न सांगितलेली औषधं. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून किंवा कर्करोगात हाडांसाठी घेतलेली इंजेक्शनं-गोळ्या जबड्याच्या भरून येण्यावर परिणाम करतात. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर त्याही सांगाव्यात. मात्र कुठलीही गोळी स्वतःहून बंद करू नये.

आणि चौथा, पहिल्या दिवसांतला निष्काळजीपणा. पहिले २४ तास जोरात थुंकू नये, चूळ भरू नये, स्ट्रॉने काही ओढून पिऊ नये. टाक्यांशी जिभेने किंवा काडीने खेळू नये. दुसऱ्या दिवसापासून डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मिठाच्या कोमट पाण्याने हळुवार चूळ भरावी. वाळूसारखे एक-दोन दाणे तोंडात आले तर घाबरू नये. पण दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं, सूज किंवा ताप आला, पू दिसला किंवा रक्त थांबेना, तर वाट न बघता परत जावं.

खुर्चीवर बसण्याआधी विचारा

• माझ्या बाबतीत ग्राफ्ट का हवा? नाही केला तर काय होईल?

• पुढे इम्प्लांट करायचाच नसेल, तरीही याची गरज आहे का?

• सामग्री कशापासून बनली आहे? दाणे कशाचे, पडदा कशाचा?

• फक्त कोलॅजनचा बोळा आहे की ग्राफ्टसह आहे?

• पाकीट बघू शकतो का? त्यावर कंपनीचं नाव, परवाना, लॉट क्रमांक आणि मुदत आहे का? स्टिकरची एक प्रत माझ्या फाइलमध्ये लावाल का?

• एकूण खर्च किती, आणि इम्प्लांटचा खर्च त्यात धरला आहे की वेगळा?

खर्चाची घाई नसेल तर दुसरं मत घ्यायला हरकत नाही. परभणीत सरस्वती धन्वंतरी दंत महाविद्यालय आहे, छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी हिरड्यांच्या आणि मुखशल्यचिकित्सेच्या स्वतंत्र विभागांत तपासून घेता येतं. फक्त एक लक्षात ठेवावं: दात काढण्याआधी विचार करायला वेळ घेतला तरी चालतो, दात काढून वर्षभर थांबलं तर हाड थांबत नाही. दाढ काढायची ठरत असेल, तेव्हाच "पुढे या जागी काय बसवायचं?" हा प्रश्न विचारावा. ग्राफ्ट घ्यायचा की नाही, हे त्या उत्तरावर ठरतं.